कातडं रेडकाचं, पेंढा माळावरचा

मी एक जुनं रेडकू आहे. म्हणजे रेडकाचं कातडं आहे आणि आत पेंढा आहे. म्हणजे पेंढाच जास्त आहे. आता यातला ‘मी’ कुठला, ते मला विचारू नका मित्रांनो, डोकं सटकतं माझं. दहा वर्षं विचार करतोय, अजून पत्ता लागलेला नाही.

पहिल्यापासून सांगतो. जमेल तसं.

बदलापूरच्या बाहेर, बारवी धरणाकडं जाणाऱ्या रस्त्याला एक लहानशी वाडी होती. तिथं बारकू आणि चांगुणा हे नवरा-बायको राहायचे. खाली थोडं भात, वर गवताचा माळ, एक बैलजोडी, दोन गायी आणि मोरी नावाची म्हैस. मोरी चांगुणाच्या माहेरची. लग्न होऊन चांगुणा वांगणीहून आली तेव्हा मोरी एवढीशी पारडी होती, दोरीला धरून मागनं चालत आली. म्हणून घरातलं बाकी सगळं बारकूचं, पण मोरी चांगुणाची. हे सगळ्यांना माहीत होतं. मोरीला जरा जास्तच.

सत्त्याऐंशी साली नवरात्राच्या आसपास मोरी व्याली. ते रेडकू म्हणजे मी, असं लोक म्हणतात. चांगुणानं नाव ठेवलं बाळा. नऊ दिवस जगलो. दहाव्या दिवशी हगवण लागून गेलो. ते नऊ दिवस आठवतात का? ऊब आठवते. पण ती ऊब आईच्या पोटाखालची, की नंतर उन्हात तापलेल्या पेंढ्याची, ते काही कळत नाही. दोन्ही सारखंच लागतं.

मी गेलो आणि मोरीनं दूध वर चढवलं. पान्हा चोरला म्हणतात त्याला. कास टम्म भरलेली आणि सडातून थेंब नाही. चांगुणा बादली घेऊन बसली की ती मान वळवून मला शोधायची, मी दिसलो नाही की लाथ.

दुसऱ्या दिवशी बारकू म्हणाला, “दूध नाय द्यायची तर पेंढा कशाला खाते? म्हशाच्या गुरांच्या जत्रेत उभी करतो. येईल तो भाव येईल.”

चांगुणा म्हणाली, “तुमच्या बापानं आणलीय काय विकायला?”

बारकू बैलांकडं निघून गेला. पण त्याच्या तोंडावरून कळत होतं की विचार डोक्यातून गेलेला नाही.

मग चांगुणाला तिच्या आईनं सांगितलेली एक गोष्ट आठवली. मेलेल्या रेडकाचं कातडं काढायचं, आत पेंढा भरायचा, शिवायचं आणि म्हशीसमोर उभं करायचं. म्हैस चाटते आणि पान्हा सोडते. ऐकायला सोपं आहे. पण कातडं काढणार कोण?

बारकू गेला भीमरावकडं. भीमराव शेजारच्या वस्तीतला, मॅटाडोर टेम्पो चालवायचा. अंबरनाथच्या कारखान्यांचा माल न्यायचा, हंगामात गवताची भाडी मारायचा. तो टेम्पो धूत होता. बारकूनं विचारलं, तसा त्यानं नळ बंद केला.

“माझ्या बापानं ते काम छप्पन साली सोडलं,” भीमराव म्हणाला. “मी तवा चार वर्षांचा होतो. ते परत धरायला मला सांगू नको.”

“अरे, मी आपलं सहज विचारलं.”

“सहजच विचारतात सगळे. तुझी म्हैस, तुझं रेडकू, तुझा सुरा. तुझे हात काय गहाण टाकलेत?”

बारकू तसाच परत आला. आणि मग त्यानंच केलं. चांगुणानं धरलं, त्यानं कापलं. दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. राख नि मीठ चोळून मला दोन दिवस उन्हात टाकलं आणि गोणी शिवायच्या दाभणानं सुतळीत शिवलं. बारकूला शिवता कुठं येतंय! एक कान उलटा लावला. अजून उलटाच आहे. पुढचा एक पाय आखूड झाला, त्यामुळं मी उभा राहिलो की वाकून काहीतरी शोधतोय असं वाटतं. मला बघून शेजारची वेणूबाई हसत सुटली. “अगं चांगुणे, हा रेडा हाय का उशी?”

पण मोरी हसली नाही. तिनं नाक लावलं, एकदा, दोनदा. मग जीभ. आणि बादलीत धार वाजायला लागली.

सगळे खूश. मी चक्रावलो. कारण ती चाटत होती त्याला, जो नऊ दिवस होता. आणि उभा होता मी. मग ते प्रेम माझं की त्याचं? की बारकूच्या सुतळीचं? मी कुणाला विचारणार? मला तोंड आहे, पण तेही शिवलेलं.

असे तीन आठवडे गेले. सकाळ-संध्याकाळ मी मोरीसमोर उभा राहायचो, दूध जवळच्या बेलवलीच्या घरांत जायचं. जत्रेचं नाव निघेना. दुपारी बारकू मला गवताच्या गंजीवर ऊन खायला टाकायचा, नाहीतर दमट कातड्याला वास मारतो. या ऊन खाण्यानंच लोचा झाला.

दिवाळी झाल्यावर माळावरचं गवत कापून, वाळवून तयार होतं. एकाच दिवसात बांधायचं आणि भीमरावच्या टेम्पोत भरून उल्हासनगरला पाठवायचं. दोन खेपा ठरलेल्या. तो दिवस मी गंजीवरून बघितलाय, म्हणून सांगतो. काम काय असतं ते त्या दिवशी कळलं.

चांगुणा पाचला उठली. शेण काढलं, गोठा झाडला. मला मोरीसमोर लावून दूध काढलं आणि बेलवलीला देऊन आली. विहिरीवरून पाणी आणलं, गुरांना पाजलं. भाकऱ्या थापल्या. मग माळावर. बारकू दाताळ्यानं गवत ओढायचा, चांगुणा बसून पेंढ्या बांधायची. गवताच्याच काडीला पीळ देऊन गाठ मारायची, पेंढी बाजूला, की दुसरी. वर ऊन, खाली ऊन. गवताचं कूस तिच्या मानेत, पाठीत, चोळीत. ती खाजवायलाही थांबत नव्हती, नुसता खांदा उडवायची. मधे गाय सुटून भाताच्या खळ्यात शिरली, तिच्यामागं पळाली. बैलानं दावं तोडलं, ते बांधलं. परत पेंढ्या. मला बघूनच दम लागला, आणि मला तर फुप्फुसंच नाहीत.

बाराला भीमराव टेम्पो घेऊन आला. बारकू वर चढला, चांगुणा खालून पेंढ्या देऊ लागली. डोक्यावरचा पदर तिनं नाकातोंडावरून घट्ट गुंडाळलेला, डोळे कुसळानं लाल.

“लवकर, वहिनी,” भीमराव म्हणाला. “शेठनं चारच्या आत बोलावलंय.”

“मला चार हात हाईत काय?”

“दोन हाईत, पण चालतात चाराचे.”

“बस बोलत! चढून चार पेंढ्या लावल्यास तर टेम्पो रुसणार नाय तुझा.”

माळावरचं बांधून झालेलं गवत संपलं, तसे ते गंजीकडं वळले. चांगुणा डोळे मिटूनच ओढत होती. हात घालायचा, सापडेल ते वर द्यायचं. हात घातला, मी सापडलो. दिला वर.

मित्रांनो, तिनंच मला बनवलं होतं, आणि तिनंच फेकलं. बारकूनं दाताळ्यानं मला आत ढकललं, वर चार पेंढ्या दाबल्या, दोर आवळला. दोघांनाही कळलं नाही. हाताला पेंढाच लागला, त्यांची काय चूक! पण मला राग आला. एवढा राग की कुठं ठेवू कळेना. गवतात कोंबलेला होतो आणि काही वेळ खरंच कळत नव्हतं की मी कुठं संपतो आणि गवत कुठं सुरू होतं.

टेम्पो आनंदनगरच्या कारखान्यांवरून, अंबरनाथमधून हलत-डुलत उल्हासनगरला आला. कॅम्प पाच या वस्तीच्या मागं सिंधी टेकचंदशेठचा तबेला होता. तीस-पस्तीस म्हशी ओळीनं बांधलेल्या. शिंगांवर ऑइलपेंटनं नंबर. नावं नाहीत, नंबर.

गवत खाली पडायला लागलं. मी पडलो तो एका म्हशीच्या पुढ्यात. सतरा नंबर. तिथला दूध काढणारा रामसुरत भैया तिच्याजवळ सुई घेऊन उभा होता. तिचं रेडकू आठ दिवसांपूर्वी गेलं होतं. ती पान्हा चोरायची, म्हणून रोज सुई. सुई मारली की दूध आपोआप सुटतं. तिला सोडायचं असो की नसो.

सतरा नंबरनं मला बघितलं. मोरी नाक लावते तसं नाक लावलं नाही. एकदम जीभच. उलट्या कानापासून शेपटीपर्यंत. एवढी जोरात की मी दोनदा पडलो आणि दोनदा तिनंच थोबाडानं उभा केला.

रामसुरतच्या हातात सुई तशीच. खाली टपटप आवाज.

“अरे सेठ! इधर आओ! बिना सुई के दूध छोड़ रही है!”

टेकचंदशेठ बनियनवर धावत आला. मला बघितलं, वाकून परत बघितलं. “ये क्या है भाई? खिलौना है?”

“पता नहीं सेठ. गवत में से निकला.”

मी चाटला जात होतो आणि मला चांगलं वाटत होतं. खोटं कशाला बोलू! मग लगेच मोरी आठवली आणि चांगलं वाटल्याचा राग आला. ती माझी आई. ही कोण? पण ही तर विचारतच नव्हती मी कोण ते. गोंधळात मी उभा राहिलो, आखूड पायावर, काहीतरी शोधत असल्यासारखा.

तिकडं वाडीत काय झालं ते मला नंतर बोलण्यातून कळलं. भीमराव दुसऱ्या खेपेला पोचला तेव्हा दूध काढायची वेळ झाली होती. मला आणायला चांगुणा गंजीकडं गेली. गंजीच नव्हती. गंजीची जागा होती. ती तिथं उभी राहिली आणि सगळं तिच्या लक्षात आलं.

बारकू म्हणाला, “बघतो मी, बसतो तिच्याजवळ.” बसला. मोरीनं बादलीला लाथ मारली, दुसरी त्याच्या मांडीवर. मांडी धरून तो ओरडला, “आता झालं! सुई आणतो नायतर जत्रा! दोनातलं एक!”

चांगुणा माळावर नंतर बांधलेल्या पेंढ्यांकडं वळली. दुसरी खेप भरली. हो, तेवढ्यातही भरली. आणि भीमरावच्या बाजूला जाऊन बसली.

तबेल्यात आली तेव्हा दिवे लागायला आले होते. मला सतरा नंबरपुढं बघून तिनं आधी सुटकेचा श्वास टाकला, मग कमरेवर हात ठेवले.

“ते माझं हाय. द्या.”

“बाई, गवत के साथ आया,” टेकचंदशेठ म्हणाला. “गवत के साथ आया तो गवत है.”

“गवताला शेपूट असते काय?”

रामसुरत हसला. शेठनं त्याच्याकडं बघितलं, तशी त्यानं बादली उचलली.

“हमारा रेडकू का चमडा है,” चांगुणा तिच्या हिंदीत म्हणाली. “हमारे हाथ से काढा. उसका आई घर में खडा है. दूध नाय देती. मेरा मालक उसको बेचेगा.”

शेठनं सतरा नंबरकडं बोट केलं. “और इसका क्या? इसको रोज सुई लगती है. आज नहीं लगी. पूछो इसको.”

चांगुणानं सतरा नंबरकडं बघितलं. मानेवर सुयांच्या गाठी होत्या, ओळीनं. तिनं त्या गाठींवरून बोट फिरवलं. मग खाली वाकली आणि मला उचललं.

“ले जाओ,” शेठ म्हणाला. “साईं, किसी का बच्चा मैं नहीं रखता. ले जाओ.”

ती मला घेऊन वळली आणि सतरा नंबर ओरडली. दावं ताणून, खुंटा हलवून. टेम्पो गल्लीच्या बाहेर आला तरी ऐकू येत होतं.

मी चांगुणाच्या मांडीवर होतो. अंबरनाथ आलं, तसं भीमरावनं एकदा माझ्याकडं बघितलं. मग म्हणाला, “वहिनी, मांडीवर घेतलंय पण तिकीट लागंल ह्याला.”

चांगुणा हसली नाही. “ओरडत होती ती.”

“ऐकलं मी.”

“आपन काय करनार?”

“मी कुठं काय म्हनलं!”

घरी पोचलो तर मोरी पाय बदलत उभी. कास दगडासारखी. बारकू कंदील घेऊन बाजूला बसलेला, मांडीला हळद लावून. त्यानं मला उचललं आणि मोरीच्या तोंडापुढं ठेवलं. मी मनात म्हटलं, आता बघा. आता माझी आई.

मोरीनं नाक लावलं. कानाला, पाठीला, पोटाला. माझ्या अंगभर सतरा नंबरची लाळ वाळलेली. मोरीनं नाकातून एवढा जोरात सुस्कारा टाकला की माझा पेंढा आतल्या आत हलला. मग डोक्यानं ढकललं. मी आडवा, शेणात.

बारकूनं परत उभा केला. परत आडवा.

“संपलं,” तो म्हणाला.

आणि चांगुणाचं डोकं फिरलं. “काय पायजे तुला? आं? काय पायजे? पाचला उठलीय मी! तुझं शेण काढलं, तुझं पानी भरलं, तुझ्या ह्या गाठोड्यासाठी उल्हासनगरला जाऊन भांडली! आता मी काय करू, तूच सांग! जायचंय तुला जत्रेला? जा! बघू कोन तुझे लाड करतंय!” असं ओरडत ओरडत ती मोरीच्या मानेला टेकली. मग घसरत खाली बसली, म्हशीच्या पुढच्या पायाशी. हुंदका आला. डोकं तिनं मोरीच्या खांद्याला लावलं आणि एक हात नुसता वर राहिला, मानेवर. सगळ्या दिवसाचा घाम त्या हातावर वाळून पांढरा झाला होता, त्यात कुसळं अडकलेली.

मोरीनं मान वळवली. हाताचा वास घेतला. आणि चाटायला लागली.

मनगटापासून कोपरापर्यंत. परत मनगट.

टप. टप टप. खाली मातीत.

बारकू ताडकन उठला. चांगुणा हुंदक्यातूनच म्हणाली, “धावू नका. हळू आना बादली.”

त्यानं हळूच आणली, लाथ खाल्लेली मांडी मुडपून बसला. मोरीनं पाय हलवला नाही. बादली अर्ध्याच्या वर गेली. म्हशीची जीभ खरखरीत असते, चांगुणाचा हात लाल झाला, पण तिनं तो शेवटपर्यंत काढला नाही. दूध काढून झाल्यावर बारकू बादली धरून तसाच उभा राहिला. मग म्हणाला, “नाय विकत. ऊठ आता, भाकरी मी टाकतो.”

“जाळाल,” चांगुणा म्हणाली. पण उठली नाही.

आणि मी? मी शेणात आडवा पडून बघत होतो. आनंद झाला का? झाला. मोरी राहणार होती. राग आला का? जाम आला. मला उचलायचंही कुणाला सुचलं नाही. मग विचार आला, मोरी माझी आई तरी होती का? की मी आपला उगाच समजत होतो? सकाळ झाली.

सकाळी चांगुणानं मला पुसलं. उसवलेले दोन टाके घातले. सुतळी ओढताना म्हणाली, “बाळा, हितं आता माझा हात पुरेल.” आणि मला घेऊन भीमरावच्या टेम्पोकडं गेली.

“हे त्या सतरा नंबरला ने. सुई मारू नको म्हनावं.”

भीमराव माझ्याकडं बघून म्हणाला, “ठेव वर तुझ्या हातानं. आज सांगून पाठवतेस, ते बरं झालं.”

तेव्हापासून मी इथं आहे, टेकचंदशेठच्या तबेल्यात. सतरा नंबरसमोर दीड वर्ष उभा राहिलो. मग तिला दुसरं रेडकू झालं, जिवंत, धडधाकट, आणि तिनं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही. वाईट वाटलं. पण रामसुरत म्हणाला, असंच पाहिजे. मग आठ नंबर, मग बावीस. प्रत्येकीनं चाटलं. केस गेले, कातडं गुळगुळीत झालं. पेंढा तीनदा बदलला. आता वासाच्या तक्रारी होतात म्हणून तबेला लांब हलवणार आहेत, आणि मी आढ्याला टांगलेला आहे. उंदीर पोटात घर करून आहेत. मला त्यांचा राग येतो आणि सोबतही वाटते. दोन्ही एकदमच.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. तुमच्यातलं कुणी मोठेपणी म्हशी पाळेल. एखादीचं रेडकू जाईल, ती दूध चोरेल आणि तुम्हाला घाई असेल. तेव्हा सुईकडं हात जाऊ देऊ नका. माझ्यासारख्याकडंही लगेच जाऊ देऊ नका. आधी तिच्याजवळ बसा. मानेवर हात ठेवा. शिव्या द्यायच्या असल्या तर द्या, पण बसून राहा. तेवढ्यानं भागलं, तर मला खाली काढूच नका.